पाणी दाखवणाऱ्याचं नाव

गोमादादा,

आठवड्यापूर्वी वरच्या माचीवर जाऊन आले. सहा वर्षं तू बोलावत होतास आणि सहा वर्षं मी आज-उद्या करत होते. भात कापून होऊ दे, दिवाळी होऊ दे, गुडघ्याला जरा आराम पडू दे. शेवटी गेले ती तुला जाऊन सव्वा महिना झाल्यावर, तुझ्या लेकीला, जाईला, सोबत घेऊन. तू दाखवणार होतास ते तुझ्याशिवाय पाहिलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, ते मला ठाऊक आहे. जाईला येतं. तुझ्या ओट्यावर बसून तिला हे मोठ्यानं वाचायला सांगणार आहे.

मी लग्न होऊन उंबरखोऱ्यात आले तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवायचा. शहापुरात वाढलेली मुलगी, डोळखांबला एसटीतून उतरले आणि पुढं सगळी पायपीट. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूनं ओहोळ बाहेर पडतो तेवढीच काय ती उघडी जागा. सूर्य उशिरा यायचा आणि लवकर जायचा. मला वाटलं, इथं माणसं राहतात कशी. वाटेत तू भेटलास, खाचर भाजायच्या राबासाठी तोडलेल्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन. भाऱ्यामुळं तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज आला. "बाय, ह्या चपला गावात पोचायच्या नाय." आणि खरंच, ओहोळ ओलांडताना एक वाहून गेली. तू पळत जाऊन ती आणलीस आणि आयुष्यभर चारचौघांत तीच गोष्ट सांगत राहिलास. दर वेळी ओहोळाचं पाणी वीतभर वाढायचं.

आमच्या घरातलं शेंबडं पोरही तुला "अरे गोमा" म्हणायचं. तुम्ही पाड्यावरचे ठाकूर, आम्ही गावातले कुणबी, आणि ते असंच चालत आलेलं. मी दादा म्हणायला लागले तेव्हा सासूबाईंनी भुवई उंचावली होती. मला वाटायचं, मी फार मोठं काहीतरी केलं. आता वाटतं, दादा म्हणायला काय पडतं, जड जातं ते पुढचं.

गावच्या शाळेत मी शिकवायचे, तिथं मला चौथीच्या मुलांसाठी गावाचा नकाशा काढायचा होता. तलाठ्याकडून आणलेल्या कागदावर नुसते आकडे होते. तू माझ्याबरोबर बांधाबांधानं फिरलास आणि एकेका खाचराचं नाव सांगितलंस. एक होतं रडी, कारण तिथल्या चिखलात बैल रडायचे. एक होतं सासूचं खाचर, कारण कितीही लावणी केली तरी ते संपायचं नाही. वाघझोपी, पाणकोनी, आंधळ्याची पट्टी. मी आमच्याच शेतातून नऊ वर्षं जात-येत होते आणि मला एकही नाव माहीत नव्हतं. आमच्या घरात ते गट नंबरनं ओळखतात. त्या नकाशाला केंद्रशाळेत शाबासकी मिळाली. खाली नाव माझं होतं.

दिवाळी झाली की पाडा रिकामा व्हायचा. माणसं बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर जायची आणि माझ्या वर्गात चार पोरं उरायची. शाळा बंद होईल असं मी एकदा तुझ्याजवळ नुसतं बोलले. पुढच्या वर्षी सहा घरांची पोरं तुझ्या झोपडीत राहिली. तू आणि जाईची आई त्यांना नाचणीची भाकरी आणि अंबाडी घालत राहिलात. होळीपर्यंत रोज सगळी पोरं न चुकता शाळेत. असं तू किती वर्षं केलंस, ते मोजायचंही मला सुचलं नाही. गावाच्या पुस्तिकेत शाळेवर जे पान आहे, त्यात "शिक्षिकेच्या अथक परिश्रमाने" असं छापलंय. ते पान मीच लिहिलंय. हस आता.

त्या पुस्तिकेबद्दलच बोलायचं आहे, दादा. आपलं भांडण तिथंच अडकून राहिलं.

आधी पाण्याचं सांगते, म्हणजे मला उशिरा काय कळलं ते नीट सांगता येईल. वैशाखात पेरणीआधी गावदेवीची पूजा असते. सगळा गाव चौथऱ्याभोवती जमायचा, पण नारळ फुटायचा नाही. तुझी वाट बघायची. तू खाली उंबराच्या झऱ्यावर आंघोळ करून, तिथलं पाणी मडक्यात भरून, डोक्यावर घेऊन अनवाणी चढून यायचास. तू देवीवर पाणी ओतलंस की मग आमचे भाऊजी, माझे दीर, नारळ फोडायचे. पहिल्या की दुसऱ्या वर्षी मी वाटेत तुला हाक मारली, "काय दादा, दमलास का?" तू माझ्याकडे न बघता पुढं निघून गेलास. मला राग आला. संध्याकाळी तू स्वतःहून आलास आणि म्हणालास, "मडका डोक्यावर असला का बोलायचा नाय, बाय. देवीला पाणी घातल्याशिवाय तोंड उघडायचा नाय."

"पण पाणी तुझ्याच घरानं का आणायचं?"

"पयल्यापासून."

मी वहीत टिपून ठेवलं: झऱ्याचं पाणी आणण्याची प्रथा, कारण माहीत नाही. आणि वही मिटली.

सहा वर्षांपूर्वी चौथरा जाऊन देऊळ बांधलं. भाऊजी समितीचे अध्यक्ष. फरश्या आल्या, ग्रील आलं, दारात नळ आला. मला म्हणाले, "वहिनी, तुमी शिकलेल्या. गावाचा इतिहास लिवा. पुस्तिका काढू, आन् दगडावर पण कोरू." मी हरखून गेले. तालुक्याला जाऊन जुने कागद पाहिले, घरातल्या पेटीतली सनद उलगडली आणि लिहिलं, "आमच्या घराण्याच्या मूळ पुरुषाने घाटावरून येऊन ओसाड खोऱ्यात हे गाव वसवले." ओसाड हा शब्द मला फार आवडला होता. तोच दगडावर गेला, सोनेरी रंग भरून.

देवळाच्या पहिल्या पूजेला कुणीतरी म्हणालं, गोमा म्हातारा झालाय, त्याला कशाला खाली-वर करायला लावायचं, नळ आहे ना दारात. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मीच म्हणाले, बरं झालं, त्याचे पाय वाचले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तुला सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तू नेहमीसारखा आलास, डोक्यावर मडकं घेऊन, मुकाट. तोवर देवीची आंघोळ झाली होती आणि नारळ फुटला होता. तू ग्रीलपाशी थांबलास. कुणीतरी म्हणालं, "अरे गोमा, झाला ना सगळा, तू बस जेवायला." तू मडकं उतरवलंस, बाहेरच्या चाफ्याच्या बुडाशी पाणी ओतलंस, आणि पंगतीत जाऊन बसलास. तू जेवलास म्हणून मी समजले की तुला काही लागलं नाही. तेवढंच बघून मी समाधान मानलं, माझंच चुकलं.

आठवड्यानं तू आमच्या ओट्यावर आलास. जाईनं तुला दगड वाचून दाखवला होता. म्हणजे मीच शिकवलेली अक्षरं घेऊन तू मला विचारायला आला होतास.

"बाय, त्या दगडावर ओसाड लिवलाय?"

"हो."

"मंग आमी कुठं व्हतो?"

मी पेन आणि कागद आणला. निदान तेवढं केलं. तू सांगायला लागलास, उकिडवा बसून, जमिनीवर काडीनं रेघा मारत. तुमचं गाव वर माचीवर होतं. मरी आली, माणसं पटापट गेली, उरलेली खाली उतरली. तुझ्या आजाच्या आजानं उंबराखाली ओल बघितली आणि हातानं माती उकरली. पाणी लागलं. पुढं काही वर्षांनी आमचे लोक घाटावरून आले, उन्हाळ्यात, बैल तहानेनं बसायला आलेले. "त्यांना माझ्या आजाच्या आजानं पाणी दावला. म्हनला, ऱ्हावा इथं. मंग गाव झाला. म्हनून पयला पाणी आमचा." आणि तू त्याचं नाव सांगितलंस.

मी विचारलं, "हे किती साली झालं?"

तू गोंधळलास. "साल नाय ठाव. कारवी किती डाव फुलली, त्याची मोजणी हाय. आजानं बाला सांगितली, बानं मला."

मग मी मोजायला लागले. कारवी सात वर्षांनी फुलते, तर इतके फुलोरे गुणिले सात. तू म्हणालास, "कवा सातव्याला, कवा आठव्याला. तिला वाटंल तशी." मी आठानं गुणलं. आकडा भलताच यायला लागला. मी वैतागले, शाळेत वैतागायचे तशीच.

"असं चालत नाही दादा. इतिहासाला लेखी पुरावा लागतो."

"लेखी कोन लिवनार, बाय? लिवनारी तं तुमी."

मी आवाज चढवला. काय काय बोलले ते आठवतं, इथं लिहीत नाही. तू शांतपणे काडी टाकून उठलास. "मंग चल वर. दगडात उखळं कोरलेली हायत, नऊ. मानसं नव्हती तं कांडत कोन व्हता?" मी म्हणाले, बघू, पाऊस संपल्यावर.

आता खरं सांगते. पुरावा ही सबब होती. तू खोटं बोलत नाहीस, हे मला तेव्हाच माहीत होतं. भीती होती घरची. यजमान गेल्यावर मी भाऊजींच्या घरात राहते, त्यांच्याबरोबर एका पंगतीत जेवते. त्यांनी हौसेनं लावलेला दगड मी खोटा ठरवायचा? म्हाताऱ्या वयात वाईटपणा कोण घेणार? उखळं बघितली असती तर मला लिहावंच लागलं असतं. म्हणून मी ती बघायलाच गेले नाही.

तू मात्र दर वर्षी यायचास. वाघबारशीला तुमच्या गुराख्यांनी शिवेवरच्या वाघदेवाला खीर दाखवली की दुसऱ्या दिवशी तू आमच्या दारात. "बाय, वाट मोकळी हाय." मी गुडघ्याचं सांगायचे. दुसऱ्या वर्षी तू खोदून विचारलंस, चढताना दुखतो का उतरताना? मी म्हणाले, चढ चालतो रे, पण पाऊल उंच टाकायचं म्हटलं की जीव जातो. तू म्हणालास, ओट्याची पायरी चढून दाव. मी चढून दाखवली. "ह्या पायरीला दुखतो?" नाही, म्हटलं, एवढ्याला नाही दुखत. तू मान हलवलीस आणि ताक पिऊन गेलास. मला वाटलं, म्हातारा झाडपाल्याचं औषध आणून देईल. पुढं औषध काही आलं नाही आणि मीही विसरून गेले.

यंदा मी निवृत्त झाले. तू भेटलास तेव्हा म्हणालास, आता शाळेचं कारण नाय सांगायचं. मी हसले. ते आपलं शेवटचं बोलणं, आणि त्यातही मी हो म्हटलं नव्हतं.

यंदाची वाघबारस झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर यायच्या आत जाई आणि मी निघालो. पाडा मागं टाकला की कारवीचं रान लागतं, माणसाच्या डोक्याहून उंच. मी धरून चालले होते की आत शिरायचं म्हणजे झटापट. पण वाट होती, दोन माणसं शेजारून जातील अशी. दोन्ही कडांना कारवीचे छाटलेले बुंधे. काही करडे, पार जुने, काही मागच्या सालचे, आणि काही यंदाचे, कापल्याजागी अजून हिरवट. जाई म्हणाली, "बा दरसाल कोयता घेऊन यायचा. तुमी येनार म्हनून."

पुढं उभा चढ आला. तिथं मी थांबले, की आता काठी टेकत, हात धरत जायचं. पाऊल टाकलं तर पायाखाली सपाट दगड. त्याच्या वर दुसरा. मग तिसरा. मातीत नीट बसवलेले, बाजूला बारीक दगडांची पाचर मारलेली, हलतसुद्धा नव्हते. जिथं जिथं चढ उभा, तिथं तिथं पायऱ्या. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की गुडघा दुखत नाहीये. मी खाली वाकून बघितलं. प्रत्येक पायरी आमच्या ओट्याच्या पायरीएवढी होती, बोटभरही जास्त नाही.

"सुतळीनं माप घेऊन आल्ता," जाई म्हणाली. "तुमी घरात ताक आनाया गेल्ता तवा."

मी त्या पायरीवर बसले. पुढं जायचं जिवावर आलं. आम्ही तुझे पाय वाचवायला देवळात नळ आणला आणि तुझी वाट बंद केली. तू माझ्या पायासाठी वाट बांधत बसलास. किती दिवस लागले असतील, हे जाईला विचारायचं धाडस झालं नाही. तिनं आपणहून एवढंच सांगितलं, "औंदा पाऊस उघडला तसा गेला. मी म्हटला, गवत वाळू दे, पाय सरकंल. तं म्हनला, औंदा येल बाय, शाळा सुटलीय तिची. दोन दिसांनी ताप भरला."

माचीवर सपाटी आहे, आंब्याचं एक झाड आणि मोडलेल्या जोत्यांच्या ओळी. कातळात नऊ उखळं. प्रत्येकावर तू चपटा दगड झाकून ठेवला होतास, पाला पडू नये म्हणून. जाईनं एकेक दगड सरकवला. मी एका उखळात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. आतून कातळ इतका गुळगुळीत की लागलेलं बोट घसरत होतं. एवढं गुळगुळीत व्हायला किती बायकांनी किती वर्षं नाचणी कांडली असेल, ते कारवीच्या फुलोऱ्यांत मोजायचं की सालांत, दोन्ही सारखंच. तिथून सगळं खोरं दिसतं. रडी दिसली, सासूचं खाचर दिसलं, देवळाची पांढरी फरशी दिसली, आणि खाली ओहोळाकाठी तो उंबर. तुझा लेखी पुरावा दर वैशाखात आमच्यासमोर डोक्यावरून येत होता आणि मी वहीत लिहिलं होतं, कारण माहीत नाही.

रात्रीच्या जेवणाला मी भाऊजींना सगळं सांगितलं. दगड चुकला आहे, म्हटलं, ओसाड नव्हतं, आपल्याला पाणी दाखवणारं माणूस इथं आधीपासून होतं, आणि मी ते जाणूनबुजून गाळलं. सहा वर्षं ज्या माणसाला मी भीत होते, तो भाताचा घास गिळून म्हणाला, "मंग लिवा की, वहिनी. आमचा बा त्यांना पाणीवालेच म्हनायचा. दगड दुसरा करू, त्यात काय. नाव काय त्याचा?"

नाव काय त्याचा.

मी उठून पेटी उघडली. तो कागद मी जपून ठेवला होता, मला खात्री होती. सापडलाही. त्यावर सातानं केलेला गुणाकार आहे, आठानं केलेला गुणाकार आहे, खाली वजाबाकी, आणि एक साल, त्यापुढं प्रश्नचिन्ह. कागदाच्या दोन्ही बाजू बघितल्या. नाव नाही. तू सांगितलंस आणि मी ते लिहायच्या आधी सालाचं विचारलं. आता आठवायला बघते तर तुझा आवाज येतो, काडीनं मातीत मारलेली रेघ दिसते, पण नाव येत नाही.

सकाळी जाईकडे गेले. ती म्हणाली, बा घ्यायचा ते नाव, पूजेला, पाणी ओतताना, तोंडातल्या तोंडात. तिला ऐकू आलं नाही कधी. तिचा थोरला भाऊ असता तर बा त्याला सांगणार होता, तो तर तुझ्याआधीच गेला. पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाली, ते गोमालाच ठाव. पुढच्या वैशाखात पाणी जाई आणणार, हे भाऊजींनी गावाला सांगितलंय. नळाला त्या दिवशी फडकं बांधायचं, असंही ठरलंय. मडकं जाईच्या डोक्यावर असेल आणि ओतताना घ्यायला तिच्याकडे नाव नसेल.

जाई म्हणते, दगडावर बाचंच नाव टाका. तू ते ऐकून हसला असतास. मी कुठं पाणी दावला, म्हणाला असतास, मी नुसता आणला.

दगडाचा मजकूर मी लिहून दिला आहे. "या गावाला पहिले पाणी दाखवले ते" आणि त्यापुढं नावाएवढी जागा कोरी ठेवायला सांगितली आहे. कोरणारा म्हणाला, बाई, इथं काय राहिलं? मी म्हणाले, ते तसंच ठेव. तू नाव घेतलंस तेव्हा पेन माझ्या हातात होतं, दादा. टोपणसुद्धा काढलेलं होतं.